गाडी ठोकली: विम्याचा क्लेम करायचा की खर्च खिशातून करायचा?

बंपर फुटलेली गाडी गॅरेजमध्ये नेली की पहिला प्रश्न येतो, "इन्शुरन्समध्ये करायचं ना?" बहुतेक जण हो म्हणून मोकळे होतात. दहा-बारा हजारांच्या कामासाठी पाच वर्षं जपलेला नो क्लेम बोनस (एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जातो आणि पुढच्या नूतनीकरणाला प्रीमियम पाहून धक्का बसतो. याच्या अगदी उलट चूकही तितकीच होते. दुचाकीस्वाराला लागलं, रस्त्यावर पाच हजार देऊन प्रकरण मिटवलं, कंपनीला कळवलं नाही, आणि काही महिन्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस दारात येते.

दोन्ही चुकांचं मूळ एकच असतं, ते म्हणजे पायऱ्यांचा चुकलेला क्रम. इथली आकडेमोड खासगी कारची आहे. दुचाकीलाही हाच हिशेब लागू पडतो, आकडे तेवढे लहान.

आधीची तयारी: पॉलिसी शेड्यूल उघडा

हे काम आजच करा. शेड्यूल म्हणजे पॉलिसीची पहिली एक-दोन पानं. त्यावरून पाच गोष्टी मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

- स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर, म्हणजे 'ओन डॅमेज' किंवा ओडी, आज चालू आहे का?
- नो क्लेम बोनस किती टक्के आहे आणि रुपयांत किती सूट मिळाली आहे?
- सक्तीची आणि ऐच्छिक वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, किती? १५०० सीसीपर्यंतच्या कारला सक्तीची वजावट १,००० रुपये, त्यावरच्या कारला २,००० आणि दुचाकीला १०० रुपये असते. प्रीमियम कमी दिसावा म्हणून ऑनलाइन घेताना ऐच्छिक वजावट निवडली असेल, तर ती यात मिळवायची.
- कोणती अॅड-ऑन, म्हणजे जादा हप्ता देऊन घेतलेली कव्हर, आहेत? झीरो डेप्रिसिएशन (झीरो डेप), कन्झ्युमेबल्स, इंजिन प्रोटेक्ट, एनसीबी प्रोटेक्ट.
- पॉलिसी कधी संपते?

पहिल्या मुद्द्यावर खूप जण फसतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्यांच्या नुकसानीचा) विमा सक्तीने घ्यावा लागतो. ओडी मात्र बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. कागदावर तीन वर्षांपुढची तारीख दिसते आणि मालक निर्धास्त राहतो. ओडी संपला असेल, तर स्वतःच्या गाडीसाठी क्लेम करण्याचा प्रश्नच उरत नाही.

टप्पा १: रस्त्यावरचा पहिला अर्धा तास

आधी माणसं. कुणाला लागलं असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वरूनही मदत मिळते. हॅझर्ड लाइट लावा आणि लाल त्रिकोण मागे पुरेशा अंतरावर ठेवा.

मग फोटो. वाहतूक अडत नसेल तर गाड्या हलवण्याआधी, आणि अडत असेल तर निदान दोन-तीन फोटो घेऊन मग गाड्या बाजूला करा. काय टिपायचं:

- चारही कोपऱ्यांतून गाडी, नंबर प्लेट दिसेल अशी
- नुकसानीचा जवळून फोटो, आणि तोच भाग थोडा लांबून
- समोरच्या वाहनाचा नंबर, चालकाचं लायसन्स, त्याची विमा पॉलिसी
- रस्ता, ब्रेकच्या खुणा, सिग्नल किंवा दुकानाची पाटी
- कुणी पाहिलं असेल तर त्याचं नाव आणि फोन

*सावधान:* "चूक माझी, सगळा खर्च मी देतो" असं लिहून किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवून देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि भरपाईचं वचन द्यायचं नाही, अशी अट जवळपास प्रत्येक मोटार पॉलिसीत असते.

*सावधान:* गाडी पाण्यात बंद पडली असेल तर पुन्हा स्टार्ट मारू नका. पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी हे नुकसान पुराचं धरत नाही, तुमच्या कृतीतून झालेलं धरते. इंजिन प्रोटेक्ट नसेल तर पूर्ण बिल तुमच्यावर येतं. टो करून न्या.

टप्पा २: निवड तुमच्या हातात आहे का, ते आधी ठरवा

पैशांचा हिशेब त्यानंतर. कुणी जखमी झालं किंवा दगावलं असेल, तर कळवायचं की नाही हा पर्यायच राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं, जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत माहिती देणं, आणि विमा कंपनीला लेखी कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे.

यामागचं कारण पैशांतही समजून घ्या. चूक कुणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. चूक सिद्ध करून मागितलेल्या भरपाईला तर वरची मर्यादाच नाही. ही रक्कम थर्ड पार्टी विम्यातून जाते, पण कंपनीला वेळेत माहिती असेल तर तिला बाजू नीट मांडता येते. रस्त्यावर दिलेल्या पाच-दहा हजारांनी जखमी व्यक्तीचा हक्क संपत नाही.

इथे एक बारकावा आहे. थर्ड पार्टी प्रकरण कळवलं म्हणून स्वतःच्या बंपरचा क्लेम केलाच पाहिजे असं नाही. दोन्ही वेगळे विषय आहेत. अपघाताची माहिती द्या आणि आपल्या गाडीचा खर्च परवडत असेल तर खिशातून करा.

पुढील परिस्थितीत ओडीचा क्लेम टिकत नाही: चालकाकडे वैध लायसन्स नव्हतं, त्याने दारू प्यायली होती, खासगी गाडी भाड्याने चालवली जात होती, किंवा पॉलिसी आदल्या दिवशीच संपली होती.

*सावधान:* लायसन्स नसलेल्या मुलाऐवजी "मीच चालवत होतो" असं फॉर्मवर लिहिण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सीसीटीव्ही, पोलीस नोंद, रुग्णालयाचे कागद यांतून हे उघडं पडतं. मग क्लेम तर जातोच, वर फसवणुकीचं प्रकरण अंगावर येतं.

टप्पा ३: कळवण्याची मुदत सांभाळा

पॉलिसीत 'ताबडतोब' कळवा असं लिहिलेलं असतं. अनेक कंपन्या २४ ते ४८ तासांची अपेक्षा ठेवतात. म्हणून पुढचे तीन टप्पे शक्यतो त्याच दिवशी उरका.

नुकसान फक्त तुमच्या गाडीचं, दिसायला किरकोळ, आणि दुसरं कुणी गुंतलेलं नसेल, तर आधी एस्टिमेट घ्या, मग ठरवा. नुकसान मोठं असेल, गाडी चालत नसेल किंवा समोरची बाजू तक्रार करेल अशी शंका असेल, तर आधी कळवा. फोनवर "नुसती माहिती देतोय" म्हटलं तरी बऱ्याचदा क्लेम नंबर तयार होतो. नंतर क्लेम नको असेल तर तो मागे घेता येतो. त्याची रीत शेवटच्या टप्प्यात आहे.

टप्पा ४: एक नाही, दोन एस्टिमेट

पहिलं अधिकृत सर्व्हिस सेंटरचं. भाग, रंगकाम आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. 'फ्रंट रिपेअर २९,०००' अशा एका ओळीच्या एस्टिमेटवरून पुढचा हिशेब होत नाही.

दुसरं, तुमच्या भरवशाच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याचं, रोखीचं. सर्व्हिस सेंटर बंपर बदलतं. बाहेरचा कारागीर तोच बंपर प्लास्टिक वेल्डिंग करून रंगवतो आणि खर्च बराच खाली येतो. क्लेम केला नाही तर तुम्ही खरोखर किती खर्च कराल, तो आकडा हा आहे. तुलना याच्याशी करायची असते, सर्व्हिस सेंटरच्या बिलाशी नाही.

*तपासा:* समोरून धडक बसली असेल तर बंपरमागचा भाग बघून घ्यायला सांगा. रेडिएटर, एसी कंडेन्सर, हेडलाइटचे ब्रॅकेट, पार्किंग सेन्सर. बाहेरून ओरखडा आणि आत कंडेन्सर गळका, असं वारंवार निघतं. स्टीअरिंग एका बाजूला ओढत असेल किंवा एअरबॅग उघडली असेल, तर घासाघीस करत बसू नका. तो क्लेमचाच मामला आहे.

टप्पा ५: कंपनी खरोखर किती देईल?

बिलाची पूर्ण रक्कम मिळत नाही. झीरो डेप नसेल तर साध्या पॉलिसीत भागांवर घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याने घटलेली किंमत, असा कापला जातो:

- रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी, एअरबॅग: ५० टक्के
- फायबर ग्लास: ३० टक्के
- काच: काही नाही
- धातूचे आणि इतर भाग गाडीच्या वयानुसार: ६ महिन्यांपर्यंत काही नाही, १ वर्षापर्यंत ५, २ वर्षांपर्यंत १०, ३ वर्षांपर्यंत १५, ४ वर्षांपर्यंत २५, ५ वर्षांपर्यंत ३५, १० वर्षांपर्यंत ४०, त्यापुढे ५० टक्के
- रंगकाम: फक्त रंगाच्या मालावर ५० टक्के. बिल एकत्रित असेल तर त्यातला २५ टक्के भाग माल धरतात, म्हणजे एकूण रंगकामावर साडेबारा टक्के कपात.

मजुरीवर घसारा नाही. या सगळ्यानंतर सक्तीची आणि ऐच्छिक वजावट जाते. ऑइल, कूलंट, नट-बोल्ट यांचे पैसे कन्झ्युमेबल्स अॅड-ऑन नसेल तर तुमचेच.

साडेचार वर्षांच्या, १२०० सीसीच्या एका हॅचबॅकचं उदाहरण घेऊ. बंपर ६,०००, हेडलाइट ७,५००, फेंडर ४,०००, रंगकाम ८,०००, मजुरी ३,५००. एकूण २९,००० रुपये. घसारा: बंपर ३,०००, हेडलाइट ३,७५०, फेंडर १,४००, रंगकाम १,०००, मिळून ९,१५०. सक्तीची वजावट १,०००. कंपनीचे १८,८५०, तुमचे १०,१५०. (किमती नमुन्यादाखल आणि कर धरून आहेत.)

टप्पा ६: बोनस गमावण्याची खरी किंमत

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. लोक फक्त पुढच्या वर्षीचा वाढलेला हप्ता मोजतात. पण बोनस एका क्लेमने शून्यावर येतो आणि तिथून २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशा पायऱ्या चढायला पाच क्लेमविरहित वर्षं लागतात. प्रत्येक वर्षी तुम्ही जास्त पैसे भरत असता.

आधी बोनसपूर्वीचा ओडी प्रीमियम काढा. शेड्यूलवर ४५ टक्के बोनसचे ४,०५० रुपये वजा झालेले दिसले, तर मूळ रक्कम ९,०००. थर्ड पार्टीचा हप्ता यात धरायचा नाही. त्यावर बोनस नसतोच.

क्लेम केला नाही तर येत्या नूतनीकरणाला किती बोनस मिळाला असता, त्यावरून मूळ ओडी प्रीमियमच्या किती टक्के तोटा पाच वर्षांत होतो ते असं:

- २० टक्के मिळणार होता: ५० टक्के
- २५ टक्के मिळणार होता: ८० टक्के
- ३५ टक्के मिळणार होता: १०५ टक्के
- ४५ टक्के मिळणार होता: १२० टक्के
- ५० टक्के मिळणार होता: १२५ टक्के

शेवटची ओळ पडताळून पाहा. पहिल्या वर्षी ५०, मग ३०, २५, १५ आणि ५ टक्के असा फरक पडत जातो. बेरीज १२५. यावर १८ टक्के जीएसटी. आपल्या हॅचबॅकला पुढच्या वेळी ५० टक्के बोनस मिळणार होता, म्हणून ९,००० च्या १२५ टक्के म्हणजे ११,२५० आणि जीएसटी २,०२५. एकूण १३,२७५ रुपये.

गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) दरवर्षी उतरते आणि त्याबरोबर ओडी प्रीमियमही, त्यामुळे प्रत्यक्ष तोटा यापेक्षा थोडा कमी भरेल. पण दोन वर्षांत नवी गाडी घ्यायचा विचार असेल तर उलट होईल. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो नव्या, महागड्या गाडीवर नेता येतो आणि तिथे त्याची किंमत जास्त असते.

*तपासा:* झीरो डेप असलं की बोनस जात नाही, असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. झीरो डेप फक्त घसारा वाचवतं. बोनस वाचवणारं अॅड-ऑन एनसीबी प्रोटेक्ट, आणि तेही वर्षातल्या ठरावीक क्लेमपुरतं.

चूक समोरच्याची असली तरी तुमच्या ओडीतून क्लेम केला की बोनस तुमचाच जातो, हेही लक्षात असू द्या. बोनस क्लेम न केल्याबद्दल मिळतो. त्यात दोष कुणाचा हे पाहिलं जात नाही.

टप्पा ७: निर्णय

क्लेमचा खरा खर्च म्हणजे बिलातला तुमचा वाटा अधिक बोनसचा तोटा. हा आकडा बाहेरच्या रोख एस्टिमेटपेक्षा कमी असेल तरच क्लेम करा.

हॅचबॅकचा क्लेमचा खर्च १०,१५० अधिक १३,२७५, म्हणजे २३,४२५ रुपये. सर्व्हिस सेंटरच्या २९,००० शी तुलना केली तर क्लेम फायद्याचा वाटतो. बाहेरचा कारागीर हेच काम समाधानकारक २०,००० मध्ये करत असेल तर क्लेम ३,४२५ रुपयांनी महाग पडतो. आणि झीरो डेप असेल तर तुमचा वाटा फक्त १,०००, क्लेमचा खर्च १४,२७५, आणि क्लेम पुन्हा स्वस्त. नुकसान तेच, उत्तरं तीन. म्हणून शेजाऱ्याने काय केलं त्यावरून ठरवू नका.

याच गाडीचा फक्त बंपर गेला, बिल ११,५०० झालं (बंपर ६,०००, रंग ४,०००, मजुरी १,५००), तर साध्या पॉलिसीत कंपनी ७,००० देईल आणि झीरो डेपमध्ये १०,५००. दोन्ही रकमा बोनसच्या १३,२७५ च्या तोट्यापेक्षा कमी. क्लेम करू नका.

फरक हजार-दोन हजारांचाच असेल तर माझं मत क्लेम न करण्याकडे झुकतं. झीरो डेपचे क्लेम अनेक पॉलिसींत वर्षाला दोनच असतात. ते मोठ्या अपघातासाठी राखून ठेवावेत.

हिशेब उलटवणाऱ्या काही गोष्टी:

- याच पॉलिसी वर्षात आधी एक क्लेम झाला असेल, तर बोनस गेलेलाच आहे. दुसऱ्या क्लेमचा नवा तोटा नाही. पॉलिसी संपण्याआधी झालेलं खरं नुकसान क्लेममध्ये करून घ्यायला हरकत नाही.
- गाडी पहिल्याच वर्षात असेल तर तोटा ५० टक्केच. लहान क्लेमही परवडू शकतो.
- दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे जात असेल तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. इथे विचार करायचं कारणच नाही. कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात.
- समोरचा खर्च द्यायला तयार असेल तर एस्टिमेट दाखवून पैसे घ्या, दोघांच्या सहीची साधी पावती करा आणि त्याच नुकसानीचा क्लेम पुन्हा करू नका. त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून मालमत्तेची भरपाई मागता येते, पण वाट न्यायाधिकरणाची आहे आणि लांबची आहे.

टप्पा ८: क्लेम करायचं ठरलं तर

सर्व्हेअर, म्हणजे कंपनीने नुकसान तपासायला नेमलेला माणूस, पाहीपर्यंत गाडीचा एकही स्क्रू खोलू देऊ नका. आधी दुरुस्ती आणि मग क्लेम, ही नाकारलं जाण्याची हमखास वाट आहे. जुने ओरखडे या अपघातात घुसडू नका. गंज, धूळ आणि धडकेची दिशा पाहून सर्व्हेअर ते वेगळे काढतो आणि मग खऱ्या नुकसानीवरही शंका घेतो. वेगवेगळ्या दिवशी झालेली नुकसानं हे वेगवेगळे क्लेम असतात आणि प्रत्येकाला वजावट वेगळी लागते.

कॅशलेस, म्हणजे कंपनीने गॅरेजला थेट पैसे देणं, हवं असेल तर गॅरेज कंपनीच्या यादीत आहे का, हे गाडी तिथे टाकण्याआधी विचारा. आरसी, लायसन्स, पॉलिसी, सही केलेला क्लेम फॉर्म आणि केवायसी तयार ठेवा. खोलल्यावर आत आणखी काही सापडलं तर काम थांबवून पुन्हा सर्व्हे मागा. सर्व्हेअरला नंतर बिल दाखवून भागत नाही.

विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअर २४ तासांत नेमला जावा, त्याचा अहवाल १५ दिवसांत यावा आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा. उशीर झाला तर ईमेलमध्ये या मुदती लिहा.

*तपासा:* गाडी ताब्यात घेताना आणि समाधानपत्रावर सही करण्याआधी दिवे, एसी, सेन्सर, दरवाज्यांच्या फटी आणि उन्हात रंगाची छटा पाहा. कोणता भाग बदलला आणि कोणता नुसता दुरुस्त केला, हे बिलाशी ताडून बघा.

रक्कम अवाजवी कापली किंवा क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा आणि विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंद करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, शुल्क नाही आणि वकील लागत नाही.

टप्पा ९: क्लेम करायचा नाही असं ठरलं तर

क्लेम नंबर तयार झाला असेल तर ईमेलने लिहा की क्लेम मागे घेत आहे, कोणतीही रक्कम घेतलेली नाही, क्लेम शून्य रकमेवर बंद करावा आणि बोनस कायम असल्याचं कळवावं. उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा. उघडा राहिलेला क्लेम नूतनीकरणाच्या वेळी झालेला क्लेम म्हणून समोर येतो.

फोटो आणि दुरुस्तीचं बिल जपून ठेवा. पुढे त्याच बाजूला धडक बसली तर आधीचं नुकसान दुरुस्त केलं होतं, याचा पुरावा हेच कागद आहेत.

नूतनीकरणाच्या वेळी बोनसबद्दल खरं तेच सांगा. कंपनी बदलली तरी नवी कंपनी जुनीकडून खात्री करते आणि चुकीचा बोनस घेतला असेल तर पुढचा क्लेम अडकतो. पॉलिसी मुदतीआधी महिनाभर नूतनीकरण करून ठेवली आणि मग जुनी चालू असतानाच क्लेम झाला, तर घेतलेला बोनस परत करावा लागतो. तो फरक स्वतःहून कळवून भरा. आणि नूतनीकरण लांबवू नका. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की खिशातून खर्च करून वाचवलेला बोनस आपोआप जातो.